मुळाची वाट

आमच्या अबोलीला मूळ संख्यांचं वेड आहे, असं मी एकदा डेपोच्या कँटीनमध्ये सांगितलं. समोर बसलेल्या ड्रायव्हरने भजी चावत विचारलं, "म्हंजी मूळव्याधीसारखं काय?" मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही. तेव्हापासून हा विषय मी डेपोत काढत नाही.

मी प्रियदर्शनी. एवढं लांब नाव डेपोत कुणाला घेता येत नाही, म्हणून सगळ्यांची प्रिया मॅडम. कराड डेपोत कंडक्टर आहे आणि बहुतेक वेळा कराड-विटा गाडीवर असते. अबोली माझी चुलत बहीण, आमच्या आकारामकाकांची एकुलती एक लेक. आमचं गाव उंब्रज आणि तिचं सासर कडेगाव. मधलं अंतर दोन बसचं. तेवढं अंतर कापायला या पोरीला काय काय लागलं ते सांगायचं आहे. सांगताना माझं डोकं तापलं तर सांभाळून घ्या, कारण ते तापणारच आहे.

अबोली लहानपणापासून नावाला जागून होती. बोलायची कमी आणि मनात आकडे घोळवत बसायची. कराडच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. झाली. तिथल्या सरांनी तिला मूळ संख्यांचा नाद लावला. जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही भाग जात नाही ती मूळ संख्या, म्हणजे पाच, सात, एकतीस अशा. जगभरची हौशी माणसं आपापल्या घरच्या कॉम्प्युटरवर आजवर कुणाला न सापडलेली अवाढव्य मूळ संख्या शोधत असतात, हे तिला सरांनीच सांगितलं. अबोलीला पुढे शिकायचं होतं. तेवढ्यात सुमंतचं स्थळ आलं.

सुमंत वाईट नाही. महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी घरी येतो. दारू नाही, हात उगारणं नाही, साधा आवाज चढवणं नाही. पण त्याला काहीही विचारा, उत्तर एकच. "आईला विचार."

आई म्हणजे साळूबाई. तिच्याबद्दल बोलायच्या आधी शहरातल्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. लग्न झालेल्या लेकीला सणाला माहेरी न्यायला जो माणूस येतो, बाप म्हणा, भाऊ म्हणा, चुलता म्हणा, त्याला आमच्याकडे मूळ म्हणतात. मूळ आलं की लेक माहेरी निघते. हल्ली पोरी स्कूटीवर बसून स्वतःच येतात, त्यामुळे हा शब्द म्हाताऱ्या माणसांपुरता उरला आहे. साळूबाईच्या घरात मात्र तो कायदा होता.

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला आकारामकाका मूळ म्हणून गेले. साळूबाई म्हणाली, रानात तणाची भांगलण चाललीय, चार दिवसांनी या. काका चार दिवसांनी गेले. तेव्हा म्हणाली, आता तर सणच झाला, आता कशाला न्हेताय? काकांचा स्वभाव आमच्या घराण्याचा, म्हणजे माझ्यासारखा. ते दारात उभं राहून म्हणाले, "परत ह्या उंबऱ्याला आमच्या घरचं मूळ येनार न्हाई." साळूबाई आतून म्हणाली, "आनि मूळ आल्याबिगर आमची सून उंबरा वलांडनार न्हाई." दोघांनीही आपापला शब्द असा पाळला की बघत राहावं. अबोली दोन शब्दांच्या मधे सापडली.

काका वारले तेव्हा साळूबाई स्वतः जीप करून सुनेला घेऊन आली. माती झाली, पदर डोळ्यांना लागले आणि त्याच जीपमधून सुनेला परत घेऊन गेली. दहाव्यालाही तसंच. पुढे अबोलीला ओवी झाली, शाळेत जायला लागली. सुट्टीत सुमंत तिला उंब्रजला आणून सोडायचा. नातीला वाट मोकळी होती, लेकीला नव्हती. मी काकीला कितीदा म्हटलं, मी जाते मुळाला, बघू ती म्हातारी काय करते. काकी म्हणायची, "त्यांचा शब्द हाय, प्रिया. मेल्या मानसाचा शब्द कसा मोडायचा?" मेलेल्या माणसाचा शब्द मोडत नाही आणि जित्या माणसाची लेक मात्र मोडत चाललीय, असं माझ्या तोंडावर यायचं. काकीकडे बघून मी गिळायची.

साळूबाईचं घर कडेगावात रस्त्याला लागून आहे, अगदी आमच्या थांब्यासमोर. गाडी तिथे थोडी थांबते. तेवढ्यात अबोली हात पुसत यायची आणि माझ्या खिडकीखाली उभी राहायची. कधी दह्याचा डबा द्यायची, कधी नुसतीच वर बघायची. आमचं सगळं बोलणं त्या खिडकीतून. बसच्या पायरीवर तिने कधी पाय ठेवला नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "चढ की गं, तिकीट मी फाडते." तर तिने मागे घराकडे बघितलं आणि उगाचच पदर सारखा केला.

घराच्या खिडकीत साळूबाई असायची. आधी खुर्चीत, आणि तिची उजवी बाजू लुळी पडल्यावर खिडकीजवळ लावलेल्या खाटेवर. गाडीतून उतरणाऱ्या एकेका माणसाला ती निरखून बघायची. सून गाडीत चढत तर नाही ना, यावर म्हातारीची नजर आहे, असं मी धरून चालले होते. गाडी हलली की मी मुद्दाम तिच्याकडे बघून डबल बेल द्यायची.

म्हातारी अंथरुणाला लागली आणि अबोलीच्या गळ्यातला दोर आणखी आखूड झाला. आता तर नुसता कायदा नव्हता, कारणही होतं. उठवणं, बसवणं, भरवणं, अंग पुसणं, औषधं. त्यात रानात माणसं असली की त्यांच्या भाकऱ्या. एकदा खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "सकाळ आत्याबाईंची, दुपार रानातल्या मानसांची, सांज ओवीची. माझ्यावर समद्यांचं भागतं बघ, आक्का. म्हनून मला ती संख्या आवडती. तिच्यावर कुनाचंच भागत न्हाई."

मी म्हटलं, "मग ती माझ्यासारखी हाय म्हन की." तेव्हा ती हसली. तिला हसताना बघून मला बरं वाटलं आणि राग आला, दोन्ही एकदमच.

लॉकडाऊनमध्ये ओवीच्या शाळेसाठी सुमंतने कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर आणला होता. शाळा उघडल्यावर तो पडून राहिला. अबोलीने त्याच्यावर तो मूळ संख्या शोधणारा प्रोग्रॅम चढवला. आता, हा शोध चालू झाला की यंत्र रात्रंदिवस चालू ठेवावं लागतं, आठवडेच्या आठवडे. घरात इन्व्हर्टरची लाइन एकाच खोलीत होती, साळूबाईच्या, पंख्यासाठी. त्यामुळे कॉम्प्युटरही तिथेच बसला, खाटेच्या पायथ्याशी.

तो करतो काय, ते अबोलीने मला बसच्या पत्र्यावरच्या धुळीत बोटाने लिहून दाखवलं. दोनाला दोनाने गुणत जायचं आणि शेवटी एक वजा करायचा. पाच वेळा दोन घेतले की बत्तीस, एक वजा केला की एकतीस. आता एकतीस मूळ आहे का? चारापासून निघायचं. चाराचा वर्ग सोळा, दोन वजा, चौदा. चौदाचा वर्ग करून दोन वजा केले की एकशे चौऱ्याण्णव. त्याला एकतीसने भागलं की बाकी आठ. आठाचा वर्ग करून दोन वजा, बासष्ट. त्याला एकतीसने भागलं की बाकी शून्य. शेवटच्या पायरीला शून्य आलं म्हणजे एकतीस मूळ. लहान संख्येला तीन पायऱ्या पुरतात. तिच्या यंत्रातली संख्या लिहायला बसलं तर कोटीच्या वर अंक होतील, आणि पायऱ्याही कोट्यवधी. एक पायरी चुकली की पुढचं सगळं वाया. ते एकतीसचं गणित पत्र्यावर घेऊन आमची गाडी विट्याला जाऊन आली.

"आनि शून्य न्हाई आलं तर?" मी विचारलं.

"तर तिला कशानं तरी भाग जातो."

"कशानं?"

"ते कळत न्हाई. जातो एवढंच कळतं." मग म्हणाली, "दोन हजार सत्तेचाळीस बघ. अकरा वेळा दोन घेऊन एक वजा. बघायला कशी घट्ट दिसती. पर तेवीसनं भाग जातो तिला. लहान हाय म्हनून आपल्याला सापडतं तरी. मोठ्या संख्येचं तेबी न्हाई."

ती हे माझ्याकडे न बघता बोलत होती. पोर संख्येबद्दल बोलतेय की स्वतःबद्दल, हे मला कळेना, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायची हिंमतही झाली नाही. मी डबल बेल दिली.

साळूबाईला त्या यंत्राचा आधी वैताग होता. मग तिला कळलं की त्याची पेटी वरून चांगली गरम होते. म्हातारीने हुकूम सोडला, दह्याचं भांडं त्याच्यावर ठेवत जा. पावसाळ्यात, थंडीत, चूल विझल्यावरही दही घट्ट लागायला लागलं. ते दही मी खाल्लेलं आहे. नावं ठेवायला जागा नाही.

एक दिवस म्हातारीने सुनेला विचारलं. ते सगळं अबोलीने मला खिडकीखाली जसंच्या तसं सांगितलं.

"दिसरात गुरगुरतंय. करतंय काय ते?"

"मूळ शोधतंय, आत्याबाई."

साळूबाईने मान वळवून यंत्राकडे बघितलं. "यंत्राला सापडतं व्हय मूळ?"

"सापडलं तर सापडतं. लय अवघड हाय."

"शोधू दे. त्याला सापडलं तर खुशाल जा तू. माझी ना न्हाई."

तेव्हा अबोलीच्या डोक्यात प्रकाश पडला, की म्हातारी कुठल्या मुळाबद्दल बोलतेय. हे ऐकून मी गाडीत एवढ्या मोठ्याने हसले की पुढच्या सीटवरचं पोर दचकून रडायला लागलं. म्हटलं, "मग तू समजावलं न्हाईस?"

"कसं समजावू? आनि समजावलं तर बंद कर म्हनतील."

विषय तिथेच राहिला. यंत्र गुरगुरत राहिलं, एकामागून एक संख्या येत राहिल्या आणि प्रत्येकीला कशाने तरी भाग जात राहिला.

इकडे उंब्रजला काकीचे कान गेले. डावा तर पूर्वीच गेला होता. उजव्या कानाला तोंड लावून सावकाश बोललं तर थोडं पोचायचं. फोनवर काहीच नाही. अबोलीचा फोन आला की काकी तो देवाच्या प्रसादासारखा कानाला लावून बसायची आणि ती बोलायची थांबली असेल असं वाटलं की म्हणायची, "बरं बाई. जेवलीस का?" तिकडून लेक काय बोलली, हसली का रडली, काही पत्ता नाही. समोर बसून, कानाशी तोंड नेल्याशिवाय आता मायलेकींचं बोलणं होणार नव्हतं, आणि समोर बसायची सोय नव्हती. तो उजवा कानही दर महिन्याला थोडा थोडा बंद होत होता. अबोलीला ते ठाऊक होतं. तिने खिडकीखाली उभं राहून मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायला सुरुवात केली होती. "आक्का, आईला अजून ऐकू येतं न्हवं थोडं?"

पंचमी जवळ आली होती. एका दुपारी अबोली म्हातारीला औषध द्यायला खोलीत गेली आणि तिने पडद्यावर बघितलं. शेवटची पायरी झाली होती. बाकी शून्य.

या शोधात एक शिस्त असते. असं शून्य आलं तर ते जिथे कळवायचं तिथे कळवायचं आणि गप्प बसायचं. दुसरी यंत्रं तपासून खरं म्हणेपर्यंत कुणाला बोलायचं नाही. अबोलीने कळवलं. पण पोटात मावेना. सुमंतला सांगावं तर टॅक्सी स्टँडला कळणार. मला का नाही सांगितलंस, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "तुला सांगनं म्हंजी गाडीच्या पाटीवर लिहिनं, आक्का." मग तिने आईला फोन लावला. जिला ऐकूच येत नाही तिला सांगितलं तर शिस्तही मोडत नाही आणि आईलाही सांगितल्यासारखं होतं.

मी त्या वेळी काकीकडेच होते, पंचमीच्या लाह्या निवडत. काकी फोन कानाला लावून बसली होती. एकाएकी ती ताठ झाली. फोन तसाच हातात धरून माझ्याकडे बघायला लागली.

"मूळ म्हनाली," काकी म्हणाली.

"काय?"

"मूळ, मूळ म्हनाली. दोनदा म्हनाली. बाकी काय कळलं न्हाई." काकीच्या डोळ्यांना धारा लागल्या. "इतकी वर्सं पोरीनं तोंडानं कवा मागितलं न्हाई गं. आज मूळ मागितलं."

मी तिच्या उजव्या कानाशी वाकले. "आनि काकांचा शब्द?"

काकीने पदराने नाक पुसलं. "त्यांचा शब्द त्यांच्यासंगं गेला. तू जा. लगोलग जा."

सुट्टीच्या दिवशी मी निघाले. हिरव्या बांगड्या, खण, नारळ, लाह्या, सगळं रीतीप्रमाणे पिशवीत. आमच्याच गाडीने गेले, तिकीट काढून, साडी नेसून. ड्रायव्हर म्हणाला, मॅडम आज पावण्या दिसताय. कडेगावला उतरले तर खिडकीत म्हातारी होतीच. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

आत गेले. अबोली मला बघून दारातच थबकली. साळूबाईची जीभ आजारानंतर जड झाली आहे, पण धार तीच.

"कशाला आलीयास?"

"मुळाला आलीया. अबोलीला न्ह्यायला."

मला वाटलं, आता सुरू होणार. मी कंबर कसूनच आले होते. पण म्हातारीने माझ्याकडे बघितलंच नाही. तिने यंत्राकडे बघितलं.

"कवा सापडलं?" तिने सुनेला विचारलं.

अबोलीचा चेहरा पांढरा पडला. "परवा," ती म्हणाली.

मला ते खिडकीखालचं बोलणं आठवलं, आणि माझ्या आयुष्यात क्वचित घडणारी गोष्ट घडली. मी तोंड बंद ठेवलं.

"पर बाईमानूस?" साळूबाई पुटपुटली. "मुळाला बाईमानूस धाडत्यात व्हय?"

हे ऐकून मात्र मला राहवलं नाही. "आवं मावशी, मी रोज गाडी भरून मानसं ह्या गावची त्या गावाला न्हेऊन सोडते. त्यात तुमच्या गावचे पैलवानबी असत्यात. एक बाई मला न्हेता येनार न्हाई व्हय?"

म्हातारीच्या तोंडाची चांगली बाजू जराशी हलली. हसली असावी. "बोलले ते बोलले," ती म्हणाली. "जाऊ दे तिला. सुमंतला बोलवून घ्या."

मी तिथूनच सुमंतला फोन लावला. त्या दिवसांत महाबळेश्वरला पाऊस असा असतो की गिऱ्हाईक नसतं, टॅक्सी नुसती उभी असते. तो नेहमीप्रमाणे म्हणाला, आईला विचारा. मी म्हटलं, आईच म्हणतेय. पलीकडून त्याने दोनदा खात्री करून घेतली. मग म्हणाला, "येतो की मग." दुपारपर्यंत तो येऊन पोचलासुद्धा.

आणि आता आमची राणी हलेना. मी आत जाऊन बघते तर ती घासलेलं पातेलं परत घासत बसलेली.

"आक्का, तपासनी व्हायचीय अजून. यंत्र बंद पडलं तर? मला काय विचारलं तर? आनि सुमंतला औषधं म्हाईत न्हाईत. पंचमी झाल्यावर बघू का?"

मला काय झालं ते सांगता येत नाही. इतकी वर्षं मी म्हातारीला शिव्या घातल्या, दाराला बाहेरून कडी आहे म्हणून. आज बाहेरची कडी निघाली, तर आतून हिने एक बसवून घेतलेली. तिची चूक नव्हती. कोंडलेलं माणूस असंच होत असेल. पण मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं की मी भांडते.

"काकीचा उजवा कान चाललाय," मी म्हटलं. "बघ पंचमी झाल्यावर. न्हाईतर फुडल्या पंचमीला बघ. ये आनि भिंतीशी बोल."

तिने पातेलं खाली ठेवलं. पिशवी भरायला तिला वेळ लागला नाही.

आम्ही निघालो. सासूच्या पाया पडायला ती खोलीत गेली, मी दारात उभी. तेवढ्यात तिच्या मोबाइलवर काहीतरी वाजलं. तिने वाचलं. परत वाचलं. मग यंत्रावरचं दह्याचं भांडं हात लावून बघितलं, आणि हात चटकन मागे घेतला.

"काय झालं गं?"

"भाग जातो म्हनत्यात, आक्का."

"कशानं?"

"ते कळत न्हाई."

तिने खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली. कुणी सांगितल्यासारखी, मुकाट्याने. 

"काय म्हनतंय?" साळूबाईने विचारलं.

मी दारातून अबोलीला डोळ्याने खुणावलं, मान हलवली, पदर ओढायचा तेवढा बाकी ठेवला. बोलू नकोस, बाई, एकदा तरी खोटं बोल. पण बाकी शून्य आहे का नाही, यावर जिने आयुष्य काढलं ती कशाला खोटं बोलते?

"मूळ न्हवतं म्हनत्यात, आत्याबाई. यंत्र लय तापलं. मधीच कुठल्या तरी पायरीला चुकलं. वर भांडं ठेवत हुतो न्हवं आपन."

झालं. संपलं. आता म्हातारी म्हणणार, मूळ नाही तर जायचं नाही. सुमंत जमिनीकडे बघत उभा होता.

साळूबाईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "मग ही कोन उभी हाय?"

"आक्का," अबोली म्हणाली.

"कशाला आलीया?"

"मुळाला."

"मग चुकलं कुटं ते? सांगनाऱ्याचं चुकलं आसंल. मूळ दारात उभं हाय. जा तू, गाडीची येळ झाली."

अबोलीने पिशवी उचलली. जाता जाता ती यंत्राकडे वाकली, बटणापाशी हात नेला.

"बंद नगं करू," साळूबाई म्हणाली.

"आत्याबाई, आता काय..."

"ऱ्हाऊ दे चालू." म्हातारी खिडकीतून रस्त्याकडे बघत होती. "माझं म्हायेर जतकडं. लगीन होऊन आले, त्या साली अण्णानं, माझ्या भावानं, सांगून धाडलं, पंचमीला मूळ येतंय. मग वाटनीवरनं भांडन झालं. न्हाई आलं. फुडल्या सालीबी न्हाई. माझी सासूबी अशीच हुती, मूळ आल्याबिगर न्हाई म्हनायची." तिने चांगल्या हाताने पांघरूण सारखं केलं. "तिकडं आता कोन हाय, कोन न्हाई, मला ठावं न्हाई. तुझं शोधून झालं. आता माझं शोधू दे."

 अबोलीने दह्याचं भांडं यंत्रावरून उचलून खाली ठेवलं, पदराने पेटीचं वरचं पुसलं, आणि खाली बसून नवी संख्या लावली.

उंब्रजला पोचलो तेव्हा काकी ओट्यावरच बसून होती. अबोली तिच्या उजव्या बाजूला बसली, कानाशी तोंड नेलं आणि बोलत राहिली. चार, चौदा, बाकी शून्य, दह्याचं भांडं, सासू, सगळं. ती एवढं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. काकी मान डोलवत ऐकत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "मूळ येळंवर पोचलं न्हवं?"

"पोचलं, आई," अबोली म्हणाली.

पंचमी झाली आणि ती परत गेली. जाणारच होती. दिवाळीला मी परत जाणार आहे, तोपर्यंत तो कान टिकावा.

आमची गाडी अजून तिथे थांबते. अबोली खिडकीखाली येते, दही देते. आता ते चुलीपाशी लावतात, पूर्वीसारखं घट्ट लागत नाही. समोरच्या खिडकीत साळूबाई असते. ती काय बघते ते आता मला कळतं, म्हणून सगळी माणसं उतरेपर्यंत मी घाई करत नाही. शेवटचा माणूस उतरला की ती चांगला हात थोडा वर करून माझ्याकडे बघते. मी नाही म्हणून मान हलवते आणि डबल बेल देते.